पडण्याचे प्रसंग शून्य

ऑफिसात तिला सगळे मापाडी म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. काम मोजण्याचंच होतं. म्हातारी, अपंग, आपलं आपण करू न शकणारी मोठी माणसं सांभाळणाऱ्या पुष्कळ संस्था शहरात होत्या. त्यांतली कोणती किती कार्यक्षमतेनं चालते हे दर वर्षी ठरवायचं आणि त्या क्रमानं यादी लावायची, हे तिच्या ऑफिसचं काम. कुणी विचारलं तर ती सोपं करून सांगायची, "आत काय गेलं आणि बाहेर काय आलं एवढंच बघतो आम्ही. आत जातात माणसांचे तास, जागा, खर्च. बाहेर येतात अंघोळी, जेवणं, औषधं, बदललेल्या चादरी. कमीत जास्त करणारा वर, जास्तीत कमी करणारा खाली."

"अंघोळी बाहेर येतात?" नवऱ्यानं एकदा विचारलं होतं. "मग टॉवेल तरी देत जा त्यांना."

ती हसली होती, पण कामावर तिचा विश्वास होता, आणि तो उगाच नव्हता. यादी निघायला लागली त्याआधी, बाहेरून रंगरंगोटी केलेल्या एका संस्थेत माणसं दिवस दिवस ओल्या चादरीवर पडून असायची. फाटकावर फुलांची कमान, आत वासानं उभं राहवत नाही. ती जागा बंद पडली ती यादीमुळे. गोड बोलणाऱ्याला आकडे भुलत नाहीत, असं ती म्हणायची.

तिचा दादा, म्हणजे थोरला भाऊ, अशाच एका संस्थेत राहायचा. लहानपणी त्याला मेंदूज्वर झाला होता. त्यातून जीव वाचला, पण मन तिथेच थांबलं आणि शरीर वाढत राहिलं. आई-वडील होते तोवर तो घरी होता. ते गेल्यावर तिनं त्याला कोपऱ्यावरच्या घरात ठेवलं. त्या घराला दुसरं नावच नव्हतं. बैठं घर, पुढे लांब व्हरांडा, एका रांगेत आठ खोल्या आणि आठ माणसं. चालवणारी बाई पूर्वी नर्स होती. तिला सगळे मावशी म्हणायचे, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा.

भाऊ तिथे आहे हे तिनं साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं. नियम तसाच होता. त्यामुळे त्या घराचं मोजमाप तिच्याकडे कधी आलं नाही. ते शेजारच्या टेबलावरच्या दशांशरावांकडे गेलं. हा गृहस्थ चहासुद्धा पाऊण कप न म्हणता शून्य पूर्णांक पंचाहत्तर म्हणून मागायचा, म्हणून हे नाव. माणूस मात्र सरळ होता. आकड्यात खोट नाही आणि बोलण्यातही नाही.

रविवारी ती दादाला भेटायला जायची. ती आली की लांबू हाक मारायचा, "चला महाराज, स्वारी निघू द्या!" लांबू तिथला सेवक. उंच, सडपातळ, बोलघेवडा. कामाला उशिरा यायचा, मागच्या फाटकाशी विड्या ओढायचा, आणि मावशीच्या शिव्या खाऊन हसायचा. दादाचा हात धरून तो त्याला खोलीपासून फाटकापर्यंत न्यायचा. दादाचे पाय जड; टाच उचलायला त्याला विचार करावा लागे. त्यात प्रत्येक दारापाशी थांबून कडी वाजवायची आणि विचारायचं, "आहे का?" आतून आवाज यायचा, "आहे!" मग पुढचं दार. एका खोलीतले निवृत्त मास्तर मुद्दाम गप्प बसायचे. दादा वाजवत राहायचा, लांबू भिंतीला टेकून उभा, आणि शेवटी मास्तर ओरडायचे, "आहे रे बाबा, अजून आहे!" फाटकाशी पोचेपर्यंत चहा गार झालेला असे. तिथे उभं राहून जाणाऱ्या बसकडे बघायचं, आणि परत फिरायचं.

ते घर काही स्वर्ग नव्हतं. न्हाणीघरातला नळ कायम गळायचा. चारचा चहा पाचला यायचा. एका हिवाळ्यात मास्तरांना एकच गोळी दोनदा दिली गेली आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. दादाही एकदा व्हरांड्याच्या पायरीवरून पडला. भुवईला टाके पडले. तेव्हा ती लांबूवर तुटून पडली होती, "हात का सोडलास त्याचा?"

"मी नाही सोडला ताई. त्यांनी सोडवून घेतला. फाटकाची कडी त्यांना स्वतः काढायची होती."

"आणि तू काढू दिलीस?"

लांबूनं दादाचा हात पुन्हा आपल्या हातात घेतला.

त्या वर्षीची यादी निघाली तेव्हा कोपऱ्यावरचं घर शेवटी होतं. शेवटून दुसरं वगैरे नव्हे, अगदी तळाला. दशांशरावांनी तिला बोलावून खुर्ची दिली आणि सगळे कागद तिच्यासमोर ठेवले.

"यादी जाहीर झाली, आता तुम्ही बघायला हरकत नाही. चूक सापडली तर सांगा. सापडली तर मलाही बरं वाटेल."

ती जेवणाच्या सुट्टीत बसून शोधत राहिली. चूक नव्हती. आठ माणसांसाठी जेवढे तास तिथे खर्च होत होते तेवढ्यात दुसऱ्या संस्था दुप्पट माणसं सांभाळत होत्या.

"लांबू रोज संध्याकाळभर एकट्या दादाला घेऊन चालतो," ती म्हणाली. "तो वेळ कुठे धरलात?"

"हालचालीस मदत. एका माणसाला एका जागेहून दुसऱ्या जागी नेलं, की एक. मग कितीही वेळ लागो." त्यांनी चष्मा पुसला. "ढकलखुर्चीवरून नेलं तरी एकच."

पुढच्या गोष्टी भराभर घडल्या. तळाच्या संस्थेला मिळणारी पैशाची मदत थांबली आणि घर बंद करायचं ठरलं. ती मावशीकडे गेली तेव्हा आपण कुणाशी तरी भांडू अशी तिची तयारी होती. पण मावशी भांडायला तयार नव्हती. गुडघ्यांना तेल लावत पायरीवर बसली होती.

"मलाही आता होत नाही गं. त्या गोळीनंतर मला झोप नाही. उद्या कुणाचं बरंवाईट झालं तर? नेऊ देत. तिकडे डॉक्टर तरी आहे."

आठ माणसं चार ठिकाणी वाटली गेली. मास्तर पुतण्याच्या गावी गेले. दादा यादीत पहिल्या आलेल्या मोठ्या केंद्रात आला.

केंद्र खरंच चांगलं होतं. हे तिला नंतर स्वतःशीसुद्धा पुन्हा पुन्हा कबूल करावं लागे. चार मजले, मोठी लिफ्ट, भिंतींना दोन्ही बाजूंनी कठडे, जमीन न घसरणारी. जेवणाच्या वेळेला घंटा व्हायची आणि गरम सूप टेबलावर आलेलं असायचं. चारचा चहा चारला. औषधांच्या ढकलगाडीला कुलूप, आणि प्रत्येक गोळी दोघींनी बघितल्याशिवाय दिली जायची नाही. दादाच्या मजल्यावरची सिस्टर शांत, स्वच्छ बोलणारी. पहिल्या महिन्यात दादाच्या गालांवर मांस आलं. दाढी रोज केलेली. तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागायला लागली. "उगीच जीव काढत होते मी त्या गळक्या घरासाठी," ती नवऱ्याला म्हणाली.

मग एका रविवारी दादा तिला ढकलखुर्चीत बसलेला दिसला.

"पाय दुखतोय का?" तिनं घाबरून विचारलं.

"नाही," दादा म्हणाला. "गाडी."

सिस्टरनं तिला बाजूला नेलं. "फक्त जेवायला जाताना हं ताई. कॉरिडॉर केवढा लांब आहे बघा. हे निघतात आणि प्रत्येक दार वाजवतात. आतली माणसं दचकतात, काही रडायला लागतात. मागे जेवणाच्या गाड्या खोळंबतात."

"पण त्याला चालता येतं."

"येतं ना. मी कुठे नाही म्हणते? पण मजल्यावर माणसं किती आणि आम्ही किती! एकीनं यांच्यामागे तेवढा वेळ दिला तर बाकीच्यांचं सूप गार. आणि ते पडले तर? तुम्हीच येऊन विचाराल, हात का सोडला म्हणून."

हाच प्रश्न तिनं एकदा विचारला होता, आणि तोही याच आवाजात.

सिस्टर वाईट नव्हती. तिनं चहानंतर एका मदतनीस मुलीला दादाबरोबर चालायला लावलं. काही दिवस ते चाललं. मग एक मदतनीस रजेवर गेली, दुसरीकडे कुणाला ठसका लागला, तिसरीकडे कुणी अंथरूण ओलं केलं. मुलगी दादाला कठड्याशी उभं करून पळाली आणि परत आली तेव्हा तो कठडा धरून थरथरत होता. त्यानंतर सिस्टरनंच ते थांबवलं.

मग ती स्वतःच दादाला चालवायला यायला लागली. रविवारी, आणि मधल्या वारी ऑफिस सुटल्यावर, दोन बस बदलून. सुरुवातीला दादा तिचा हात धरून लिफ्टपर्यंत जायचा. पुढे पुढे खिडकीपर्यंतच. मग खुर्चीतून उठून नुसता उभा राहायचा, आणि लगेच बसायचा.

"पाय झोपले," तो म्हणाला.

"मग उठव की त्यांना."

"झोपू दे. दमलेत."

केंद्रात महिन्यातून एकदा व्यायाम शिकवणारे डॉक्टर यायचे. त्यांनी दादाचे गुडघे वाकवून पाहिले, पोटऱ्या दाबल्या. "स्नायू आखडलेत. रोज चालवलं असतं तर गोष्ट वेगळी. या वयात गेलेलं परत आणणं अवघड असतं." त्यांनी घरच्यांनी करायचे व्यायाम चित्रांसकट दिले. ती प्रत्येक वेळी ते करून घ्यायची. दादा तिच्या डोक्यावर हात ठेवून निमूट बसायचा, जणू काय आपण तिचंच काहीतरी काम करून देतोय.

पुढच्या वर्षीचं मोजमाप आलं. केंद्र पुन्हा पहिलं, आणि आधीपेक्षा गुण जास्त. दशांशराव कागद घेऊन तिच्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी बोलणार नव्हतो," ते म्हणाले. "पण तुम्हाला कळणारच. हे बघा. पडण्याचे प्रसंग शून्य. अख्ख्या इमारतीत वर्षभर एकही माणूस पडला नाही."

"चालतच नाही कुणी, तर पडेल कसं?"

"आणि हे. गेल्या वर्षी स्वतः चालणारी बरीच माणसं यंदा उचलावं लागणाऱ्यांत गेलीत. उचलायला मेहनत जास्त, म्हणून त्या कामाला आपण गुण जास्त देतो. तेवढेच सेवक, काम जास्त. कार्यक्षमता वाढली."

ती कागदाकडे बघत राहिली. त्यावर कुणाचं नाव नसतं. पण त्या बेरजेत एक दादा होता हे तिला बोट ठेवून दाखवता आलं असतं. त्याचे पाय गेले, आणि ते जाणं जमेच्या बाजूला पडलं होतं.

दोघं मिळून साहेबांकडे गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये फोन आला तो उचलला नाही. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

तिला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. नाही म्हटल्यावर काय बोलायचं त्याची जुळवाजुळव तिनं केली होती.

"मग काय करायचं, साहेब?"

"तुम्हीच सांगा. इतकी वर्षं मापं तुम्हीच लावता आहात. काय मोजू या?"

"माणूस वर्षाच्या सुरुवातीला काय करू शकत होता आणि शेवटी काय करू शकतो, हे मोजू."

"छान. मग ज्याचे पाय आज ना उद्या जाणारच, त्याला कोण दारात उभं करील? म्हातारं माणूस उतरणीलाच लागलेलं असतं, बाई. उतरणारा माणूस घेतला की गुण गेले. मग सगळे धडधाकट तेवढे वेचून घेतील, आणि अंथरुणावरचे कुठे जातील?"

"उतरण किती साहजिक, तेवढी वजा करता येईल," दशांशराव म्हणाले.

"कुणाची किती साहजिक, ते कोण ठरवणार? संस्थाच ना? मग सगळीच माणसं कागदावर मरायला टेकलेली दिसतील." साहेब थकल्यासारखे हसले. "माझे वडील अशाच जागी गेले. तेव्हाही मी रोज इथे ऑफिसात येऊन आकडेच बघत होतो."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. तरी तिनं टिपण लिहिलं, चार वेळा खोडून पुन्हा लिहिलं, साहेबांनी सही करून वर पाठवलं. वरून उत्तर आलं, की सूचना मोलाची आहे आणि मापांचा फेरविचार होईल तेव्हा तिचा विचार केला जाईल. फेरविचार कधी, ते लिहिलं नव्हतं.

नवरा म्हणाला, "आणू या त्याला इकडे. मी आहे ना."

"तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही."

"बघू तर खरं."

एका शनिवारी त्यांनी दादाला आणलं. जिन्यावरून त्याला खुर्चीसकट चार शेजाऱ्यांनी उचललं. प्रत्येक वळणावर तो डोळे मिटून तिचं नाव घेत होता. म्हणजे "छोटी, छोटी" एवढंच. न्हाणीघराच्या दारातून खुर्ची जाईना, तेव्हा नवऱ्यानं त्याला कंबरेत धरून आत नेलं, आणि बाहेर आणताना स्वतःच भिंतीला धरून बसला. त्याची पाठ धरली होती. "काही नाही, काही नाही," असं तो म्हणत होता आणि तोंडावरून घाम निथळत होता. मग तिनं एकटीनं दादाला पुसलं, कपडे घातले, कॉटपर्यंत ओढत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं विचारलं, "घरी कधी जायचं?"

"हे घरच आहे, दादा."

त्यानं कान देऊन ऐकल्यासारखं केलं. "नाही," तो म्हणाला. "घंटा नाही."

संध्याकाळी त्याच चार शेजाऱ्यांनी त्याला खाली नेलं.

तिच्या हातात आता एकच उपाय उरला होता. मावशीला विचारून तिनं लांबूचा पत्ता काढला. तो आता दारोदार सामान पोचवायचा. "खोकी बरी ताई," तो म्हणाला, "मधे थांबत नाहीत." पण रविवारी तो आला. दाढी करून, विडी न ओढता आला होता. दादाला बघून त्याचा चेहरा क्षणभर पडला, मग त्यानं खणखणीत हाक दिली, "चला महाराज! स्वारी निघू द्या!"

दादानं त्याला ओळखलं. सगळा चेहरा उजळला. त्यानं दोन्ही हात पुढे केले, लांबूनं ते घट्ट धरले, आणि दादानं जोर लावला. मान लाल झाली, ओठ आत गेले. खुर्चीवरून तो वीतभर उचलला गेला, तसाच थरथरत राहिला, आणि खाली बसला. पुन्हा एकदा तसंच. मग त्यानं लांबूकडे वर पाहिलं, काहीतरी सांडल्यावर लहान मूल बघतं तसं.

"उद्या," तो म्हणाला.

"उद्या तर उद्या. घाई कुणाला आहे?" लांबू म्हणाला, आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसून त्याच्या पोटऱ्या चोळत राहिला.

बाहेर आल्यावर लांबूनं पहिल्यांदा विडी पेटवली. मग म्हणाला, "ताई, तुम्ही तिथेच ना कामाला, जिथे हे सगळं ठरतं?"

"हो."

"मग तुमचं काहीच चालत नाही का तिथं?"

"नाही रे," ती म्हणाली. "काहीच नाही."

तो पुन्हा आला नाही. रविवारीच त्याला जास्त फेऱ्या असतात असं त्यानं मावशीकडे निरोप ठेवला. तिनंही बोलावलं नाही. ऑफिसात नवीन संस्थांची मोजणी सुरू झाली होती. तेही काम ती करत होती, कारण ती नाही तर दुसरं कुणी करणारच होतं, आणि त्या ओल्या चादरी तिला विसरता येत नव्हत्या.

उन्हाळा उतरताना ती एकदा गेली तेव्हा मजला रिकामा होता. सगळे खालच्या दालनात कसलासा कार्यक्रम बघायला गेले होते. दादाला जायचं नव्हतं. तिनं व्यायामासाठी त्याचा पाय हातात घेतला, तर त्यानं तो काढून घेतला.

"नको. ढकल."

"कुठे जायचं?"

"जोरात."

तिनं खुर्ची कॉरिडॉरमध्ये आणली आणि चालू लागली. "जोरात!" दादा म्हणाला. ती भरभर चालली. "जोरात, छोटी!" मग ती पळायला लागली. दोन्ही बाजूंची दारं मागे जात होती, चाकं घरघरत होती, आणि दादा मान मागे टाकून मोठमोठ्यानं हसत होता. टोकाच्या टेबलावरून सिस्टर अर्धवट उठली, "ताई, हळू हं," म्हणाली, आणि पुन्हा बसली. खुर्ची भिंतीपाशी आणून ती थांबली. तिला धाप लागली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तिनं ते पुसलं नाही.

दादानं मागे हात करून तिच्या मनगटावर थोपटलं.

"परत," तो म्हणाला.

तिनं खुर्ची फिरवली.